पावणेतीन कोटींत पाच खेळाडू: काटकसरी संघांचं लिलावातलं गणित समजून घ्या

बीकेसीतल्या एमसीएच्या मैदानाबाहेर किंवा वांद्रे पूर्वेच्या एमआयजी क्लबजवळच्या चहाच्या टपरीवर डिसेंबर महिन्यात उभे राहा. मॅच नसली तरी क्रिकेटच चालू असतं. कोण रिलीज झाला, कोणाचा ट्रेड झाला, कोणाच्या पर्समध्ये किती उरले. 2025 च्या डिसेंबरमध्ये आमच्या गप्पांत एकच आकडा फिरत होता: 2.75 कोटी. 16 डिसेंबरला अबुधाबीत होणाऱ्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्स एवढेच पैसे घेऊन बसणार होती. जागा भरायच्या होत्या पाच. त्याच लिलावात कोलकात्याकडे होते 64.30 कोटी.

"मुंबईने तिकडे जायचंच कशाला, घरी बसून टीव्हीवर बघावं," असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. पण मुंबईने त्या दिवशी क्विंटन डी कॉकला 1 कोटीला घेतलं. शिवाय दानिश मालेवार, अथर्व अंकोलेकर, मयंक रावत आणि मोहम्मद इझहार यांना प्रत्येकी 30 लाखांत. एकूण खर्च 2.20 कोटी. वर 55 लाख शिल्लक!

हे जमतं कसं? आकडेवारी वापरून स्वस्तात चांगला खेळाडू शोधतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि त्या स्वस्ताईची किंमत शेवटी कोण मोजतं? या लेखात हे टप्प्याटप्प्याने बघूया.

आधी पर्स समजून घेऊ

पर्स म्हणजे संघाने खेळाडूंच्या पगारावर खर्च करायची कमाल मर्यादा. 2026 च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला 125 कोटी होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी पर्स सगळ्यांची सारखीच. कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसे त्यातूनच वजा होतात. संघात कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 25 खेळाडू, त्यात परदेशी जास्तीत जास्त 8.

आता मुंबईचा हिशोब बघा. बुमराह 18 कोटी, हार्दिक पांड्या आणि सूर्यकुमार यादव प्रत्येकी 16.35, रोहित शर्मा 16.30 आणि तिलक वर्मा 8 कोटी. बेरीज केली तर बरोबर 75 कोटी. म्हणजे पाच जणांवर 60 टक्के पर्स संपली. उरलेल्या 50 कोटींत 20 जण बसवायचे, सरासरी अडीच कोटी प्रत्येकी.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मुंबई हा काही गरीब संघ नाही. वरच्या पाच जणांसाठी सढळ हाताने पैसे मोजले, म्हणून खालच्या वीस जणांसाठी काटकसर करावी लागली. आयपीएलमधली काटकसर बहुतेक वेळा अशीच असते.

ट्रेड कसा होतो?

लिलावाशिवाय खेळाडू मिळवायचा दुसरा रस्ता म्हणजे ट्रेड. हंगाम संपला की ट्रेडची खिडकी उघडते आणि लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो किंवा सगळा व्यवहार पैशांत करता येतो. खेळाडूची संमती आणि बीसीसीआयची मंजुरी मात्र लागते.

यातली खरी मेख पर्समध्ये आहे. खेळाडू आला की त्याचा पगार तुमच्या पर्समधून वजा होतो, गेला की तेवढी रक्कम मोकळी होते. नोव्हेंबर 2023 चं उदाहरण घ्या. काही खेळाडू रिलीज केल्यावर मुंबईकडे 15.25 कोटी होते. गुजरातकडून हार्दिकला आणायचं तर 15 कोटी हवेत, म्हणजे हातात उरणार 25 लाख. मग मुंबईने कॅमरून ग्रीनला 17.50 कोटींना बंगळुरूकडे दिलं. 15.25 मधून 15 गेले, 17.50 आले, शिल्लक 17.75 कोटी. कर्णधारही मिळाला आणि लिलावासाठी पैसेही. त्या निर्णयावर वानखेडेत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, पण निव्वळ हिशोब म्हणून तो व्यवहार चोख होता.

नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईने हेच छोट्या रकमांत केलं. लखनौकडून शार्दूल ठाकूर 2 कोटींना, गुजरातकडून शेरफेन रदरफर्ड 2.60 कोटींना, कोलकात्याकडून मयंक मार्कंडे 30 लाखांना आणला. अर्जुन तेंडुलकर 30 लाखांना लखनौला गेला. ट्रेडचा फायदा असा की किंमत आधीच ठरलेली असते. लिलावात तोच खेळाडू आला तर समोरचा संघ बोली कुठपर्यंत नेईल याचा भरवसा नाही. पर्स लहान असेल तर ही खात्री फार मोलाची.

हा विचार आला बेसबॉलमधून

कमी पैशांत संघ बांधायची ही पद्धत जगभर पोचली ती अमेरिकन बेसबॉलमधल्या ओकलंड ॲथलेटिक्स या संघामुळे. 2002 मध्ये त्यांचा पगाराचा खर्च होता सुमारे 4 कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटी डॉलरच्या आसपास. हंगामात दोघांनी सारख्याच, प्रत्येकी 103 मॅच जिंकल्या. ओकलंडने तर सलग 20 जिंकल्या. मायकेल लुईस यांचं 2003 चं 'मनीबॉल' हे पुस्तक आणि त्यावरचा 2011 चा सिनेमा याच संघावर आहे.

त्यांचे व्यवस्थापक बिली बीन यांची युक्ती ऐकायला साधी आहे. बाजार ज्या गोष्टीला कमी भाव देतो, पण जी मॅच जिंकायला मदत करते, ती विकत घ्यायची. तेव्हा सगळे संघ बॅटरने किती जोरात फटके मारले ते बघत. ओकलंडने बघितलं की बॅटर बाद न होता बेसवर किती वेळा पोचतो. चार वाईट बॉल सोडून फुकटात पहिल्या बेसवर जाणारा बॅटर कोणाच्या डोळ्यात भरत नसे, म्हणून तो स्वस्तात मिळे.

आपल्याकडे 2008 च्या पहिल्या आयपीएलमध्ये असाच संघ जिंकला. राजस्थान ही आठांतली सर्वात कमी किमतीला, 6.7 कोटी डॉलरला विकली गेलेली फ्रँचायझी. सर्वात महाग होती मुंबई, 11.19 कोटी डॉलर. राजस्थानने सव्वा लाख डॉलरला घेतलेला शेन वॉटसन मालिकावीर ठरला, एक लाखाला घेतलेल्या सोहेल तन्वीरने सर्वाधिक 22 बळी घेतले आणि गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर सलामीला येऊन 311 धावा करून गेला. फायनल झाली आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

स्वस्त आणि चांगला: डेटातून कसा शोधायचा?

आता थोडं गणित. घाबरू नका, एक्सेल येत असेल तर पुरे. क्रिकशीट या संकेतस्थळावर आयपीएल आणि डब्ल्यूपीएलच्या प्रत्येक बॉलची नोंद फुकट मिळते. किमती मात्र हाताने भराव्या लागतात. त्यानंतर तीन पायऱ्या.

पहिली पायरी: तुलना शून्याशी नाही, बदली खेळाडूशी करा. 30 लाखांत, म्हणजे सध्याच्या सर्वात कमी बेस प्राइसला, कोणी ना कोणी बॉलर मिळतोच. त्यामुळे महागडा बॉलर 'किती चांगला' हा प्रश्न अर्धवट आहे. 30 लाखवाल्यापेक्षा तो किती चांगला, हे विचारायला हवं.

समजा 'क' हा 30 लाखांचा बॉलर षटकाला 8.6 धावा देतो. 'ख' 2.50 कोटींचा आहे, तो 8.3 देतो. 'ग' 12 कोटींचा, तो 8 देतो. साखळीतल्या 14 मॅचमध्ये प्रत्येकी 4 षटकं धरली तर 56 षटकं होतात.

- 'ख' हा 'क' पेक्षा 16.8 धावा वाचवतो. जादा खर्च 2.20 कोटी. एका धावेला सुमारे 13 लाख.
- 'ग' हा 'क' पेक्षा 33.6 धावा वाचवतो. जादा खर्च 11.70 कोटी. एका धावेला सुमारे 35 लाख.

या हिशोबाने 'ख' हा खरा सौदा. पण थांबा. मैदानात जागा अकराच, इम्पॅक्ट खेळाडू धरून बारा. सगळ्या जागा 'ख' सारख्यांनी भरल्या आणि तरी पैसे उरले, तर ते पैसे घेऊन करायचं काय? म्हणून दोन-चार जागांवर 'ग' लागतोच. बुमराहला 18 कोटी देणं चूक नाही ते यामुळेच. एकाच जागेतून जास्तीत जास्त फायदा काढणारा माणूस बाजारात दुर्मिळ असतो.

दुसरी पायरी: कधी खेळला ते बघा. शेवटच्या चार षटकांत 9 च्या सरासरीने धावा देणारा बॉलर मधल्या षटकांत 8 देणाऱ्यापेक्षा कितीतरी भारी असू शकतो. म्हणून पॉवरप्ले, मधली षटकं आणि शेवटची षटकं असे तीन वेगळे रकाने करा आणि प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच टप्प्यातल्या इतरांशी करा. बॅटिंगलाही हेच लागू.

तिसरी पायरी: थोड्या बॉलवर भाळू नका. माझी पहिली शीट इथेच आपटली होती. एका बॉलरने षटकाला 6 धावा दिलेल्या दिसल्या, मी त्याला यादीत सर्वात वर टाकलं. नंतर बघतो तर त्याने सगळे मिळून टाकलेले बॉल फक्त 60.

यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक खेळाडूच्या नोंदीत काही बॉल 'सरासरी' कामगिरीचे मिसळायचे. समजा स्पर्धेची सरासरी षटकाला 8.5 आहे आणि आपण असे 240 बॉल मिसळले. 60 बॉल 6 ने आणि 240 बॉल 8.5 ने, मिळून सरासरी येते 8. म्हणजे हा बॉलर चांगला असावा, पण चमत्कार नाही. जसजसे त्याचे स्वतःचे बॉल वाढतील तसतसा मिसळलेल्या बॉलचा प्रभाव कमी होत जातो. संख्याशास्त्रातली ही जुनी पद्धत आहे आणि लिलावातल्या बहुतेक फसगती ती वापरून टाळता येतात. 240 हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, वेगवेगळे आकडे घालून बघा.

वांद्र्यातच झालेला लिलाव

या सगळ्याचं माझं सर्वात आवडतं उदाहरण घराजवळचं आहे. महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव 13 फेब्रुवारी 2023 ला बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाला. प्रत्येक संघाकडे 12 कोटी. सांगलीची स्मृती मानधना 3.40 कोटींना बंगळुरूकडे गेली, ती त्या दिवसाची सर्वात मोठी बोली.

गंमत खालच्या रकमांत होती. वेस्ट इंडीजच्या हेली मॅथ्यूजचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा कोणीच बोली लावली नाही. नंतर मुंबईने तिला बेस प्राइसला, 40 लाखांत घेतलं. इंग्लंडची इझी वाँग 30 लाखांत. बंगालची डावखुरी फिरकी बॉलर सायका इशाक 10 लाखांत.

स्पर्धेत मॅथ्यूजने 16 बळी घेतले, 271 धावाही केल्या आणि तीच मालिकावीर ठरली. वाँगने 15 बळी घेतले, सायकाने 15. तिघींची एकूण किंमत 80 लाख, म्हणजे पर्सचा पंधरावा हिस्सा. तिघींचे बळी 46. मुंबई पहिली विजेती झाली.

मॅथ्यूज तेव्हा वेस्ट इंडीजची कर्णधार होती. ती 40 लाखांत का मिळाली? कारण लिलावात किंमत गुणवत्तेची ठरत नाही, त्या क्षणी त्या खोलीत किती जणांना ती हवी आहे याची ठरते. परदेशी जागा मोजक्या आणि बाकीच्यांची यादी आधीच भरलेली असेल, तर समोर बोली लावायला कोणी उरतच नाही. काटकसरी संघ अशाच क्षणाची वाट बघत बसतो.

जवळच्या मैदानावरचा शार्दूल

पालघरच्या शार्दूल ठाकूरचंच बघा. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात त्याची बेस प्राइस होती 2 कोटी, आणि तो विकलाच गेला नाही. दोन महिन्यांनी याच बीकेसीच्या मैदानावर रणजीत जम्मू-काश्मीरविरुद्ध त्याने 51 आणि 119 धावा केल्या. पुढच्याच मॅचमध्ये, त्याच मैदानावर, मेघालयविरुद्ध हॅटट्रिक घेतली. मार्च 2025 मध्ये लखनौने त्याला जखमी खेळाडूच्या जागी 2 कोटींत घेतलं आणि हैदराबादविरुद्ध त्याने 34 धावांत 4 बळी घेतले. नोव्हेंबरमध्ये तो त्याच 2 कोटींत मुंबईकडे आला.

किंमत सुरुवातीपासून शेवटपर्यंत 2 कोटीच. बदललं ते फक्त मागणाऱ्यांचं मत. रणजी सामना बघायला तिकीटसुद्धा क्वचितच लागतं. अशा मॅचना जाऊन बसणं हीदेखील एक प्रकारची आकडेवारीच आहे.

दानिश मालेवारचंही तसंच. नागपूरच्या या बॅटरने 2024-25 च्या रणजी फायनलमध्ये केरळविरुद्ध 153 धावा केल्या आणि विदर्भ जिंकलं. चार दिवसांच्या क्रिकेटमधल्या धावा टी-20 मध्ये तशाच्या तशा उतरत नाहीत, म्हणून किंमत 30 लाखांवर राहिली. पण चुकलं तर 30 लाख जातील आणि जमलं तर दहा वर्षांचा बॅटर मिळेल. छोट्या रकमेत अशी पैज लावणं परवडतं.

पण काटकसर कोणाच्या खिशातून?

इथे मला एक गोष्ट खटकते, आणि टपरीवर मी ती बोललो की वातावरण जरा गंभीर होतं. आपण चाहते म्हणून 'काय सौदा मारला!' असं म्हणतो. तो सौदा म्हणजे कोणाचा तरी पगार असतो. सायकाने 10 लाखांत 15 बळी घेतले, याचा दुसरा अर्थ असा की 15 बळी घेणारीला त्या करारात 10 लाखच मिळाले. खेळ वाढला म्हणून करारातली रक्कम आपोआप वाढत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती वानखेडेवर भारताकडून टी-20 खेळली, हा वेगळा आनंद.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. अबुधाबीत कॅमरून ग्रीनवर कोलकात्याने 25.20 कोटी लावले, पण छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला जास्तीत जास्त 18 कोटीच मिळतात. वरचे 7.20 कोटी बीसीसीआयकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी जातात. कोलकात्याच्या पर्समधून मात्र पूर्ण 25.20 वजा होतात.

आयपीएलमध्ये 2025 पासून एक चांगला बदल झाला. प्रत्येक मॅचमागे खेळाडूला 7.50 लाख रुपये मॅच फी मिळते, आणि ती पर्सच्या बाहेरून. 30 लाखवाला खेळाडू साखळीतल्या सगळ्या 14 मॅच खेळला तर त्याचे 1.05 कोटी जादा होतात, एकूण 1.35 कोटी. म्हणजे आता 30 लाखांच्या खेळाडूसाठी लिलावातल्या बोलीपेक्षा अकरात जागा मिळणं जास्त महत्त्वाचं. आपण शीटमध्ये किमतीचा रकाना करतो, तसा 'मॅच खेळल्या' हा रकानाही करा. चित्र एकदम बदलतं.

काटकसर आणि चिंगूसपणा

ओकलंडची गोष्ट सिनेमात सलग 20 विजयांपाशी थोर वाटते. पण 2002 मध्येही ते पहिल्याच बाद फेरीत हरले, आणि पुढे दोन दशकं तेच चक्र चालू राहिलं. बेसबॉलमध्ये आपल्यासारखी पर्सची कमाल मर्यादा नाही. साधारण सहा वर्षं खेळल्यावर खेळाडू मोकळा होतो आणि श्रीमंत संघाकडे जातो. म्हणून काटकसरी संघ त्याला आधीच ट्रेड करून त्याच्या बदल्यात चार-पाच तरुण पोरं घेतात. ती मोठी झाली की पुन्हा तेच. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते, तिथे बहुतेकांची लागत नाही.

चाहत्यांनी किती वर्षं दर हिवाळ्यात आपला लाडका खेळाडू जाताना बघायचा? 13 जून 2023 ला ओकलंडच्या 27 हजारांहून जास्त चाहत्यांनी मुद्दाम स्टेडियम भरून दाखवलं. मालकाने संघ विकावा, शहराबाहेर नेऊ नये, अशी त्यांची मागणी होती. उपयोग झाला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये संघ ओकलंडमध्ये शेवटची मॅच खेळला आणि निघून गेला.

फरक माझ्या मते इथे आहे. काटकसर म्हणजे इतरांना न दिसलेलं बघणं आणि वाचलेला पैसा पुन्हा संघात घालणं. चिंगूसपणा म्हणजे वाचलेला पैसा खिशात घालणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन-तीन वर्षं थांबलं की कळतं.

थोडक्यात

- किंमत बघताना 30 लाखवाल्या बदली खेळाडूशी तुलना करा.
- टप्प्याप्रमाणे रकाने वेगळे ठेवा. कमी बॉलच्या नोंदीत सरासरी मिसळा.
- ट्रेडमध्ये आलेला पगार आणि मोकळी झालेली पर्स, दोन्ही एकत्र मांडा.
- 'सौदा' म्हणण्याआधी त्या खेळाडूच्या हातात किती पडतात तेही लिहा.

पुढच्या लिलावाआधी स्वतःची पाच जणांची यादी करून बघा, बजेट 2.75 कोटी. आमच्या टपरीवर प्रत्येकाची यादी वेगळी निघाली होती. डी कॉक 1 कोटीत मिळेल असं मात्र एकाच्याही यादीत नव्हतं.